फळबाजारापासून साखर कारखान्यापर्यंत

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरील भिंतीवर काचेच्या चौकटींत काही कागद लावलेले आहेत. वाचकांपैकी बहुतेकांनी ते पाहिले असतील. वाचले असतील असे मात्र वाटत नाही. ते सामंजस्य करार होत. अमुक उद्योग आणि आपले महाविद्यालय यांनी ज्ञानाची व अनुभवाची देवाणघेवाण करण्याचे ठरविले आहे, असा त्यांचा मजकूर. खाली दोन सह्या, दोन शिक्के आणि शेजारी हस्तांदोलनाचे छायाचित्र. नॅकची समिती यावयाची असली की काचा पुसल्या जातात. यांतील एका कराराचा मी स्वतः लाभार्थी आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

गेल्या वर्षी फील्ड प्रोजेक्टसाठी माझे नाव अशाच एका ठिकाणी गेले. पहिल्या दिवशी मालकांनी चहा पाजला, कोणत्या गावचा म्हणून विचारले, दूरची ओळख निघाली, आणि मग या मुलाला बसवावे कोठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. कला शाखेच्या विद्यार्थ्याला काय येते हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर, त्यांनी विचारले तेव्हा मलाही ते सांगता आले नाही. तीन दिवस मी जुनी बिले तारीखवार लावली. चौथ्या दिवशी त्यांनी टाइप केलेले प्रमाणपत्रच माझ्या हाती ठेवले. त्यावर कामाचे साठ तास भरलेले होते. "रोज येण्याची तसदी कशाला घेता, परीक्षा जवळ आली असेल," असे ते म्हणाले. माणूस सज्जन. मीही ते प्रमाणपत्र घेतले, अहवालाला जोडले आणि गुण मिळविले. तेव्हा या लेखात जो दोष मी दाखविणार आहे त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

विद्यापीठ आणि उद्योग यांचे जाळे विणावे, त्यातून त्या त्या प्रदेशाचा आर्थिक विकास साधावा, हा विचार आज सर्वत्र ऐकू येतो. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी वेगळे मंडळ दिले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने वर्गाबाहेरच्या कामाला श्रेयांक दिले. विचार चांगला आहे. परंतु या चर्चेत कला महाविद्यालयाची अवस्था लग्नघरी आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखी होते. अभियांत्रिकीवाल्यांजवळ यंत्र आहे, विज्ञानवाल्यांजवळ प्रयोगशाळा आहे, वाणिज्यवाल्यांजवळ निदान जमाखर्च आहे. आम्ही काय घेऊन जावे? इतिहास? मराठीचा निबंध? आमचेच काही मित्र हे हसून म्हणतात, आणि आम्हीही हसतो. माझे म्हणणे असे की या हसण्यात अज्ञान आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा चेहरामोहरा ज्या एका विद्यापीठीय संबंधाने सर्वांत अधिक बदलला, तो संबंध यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाने जोडलेला नव्हता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने जोडलेला होता. म्हणजे आपल्याच आळीतल्या माणसाने.

धनंजयराव गाडगीळांचे नाव आपण अभ्यासक्रमात 'गाडगीळ सूत्र' म्हणून वाचतो. केंद्राने राज्यांना योजनांसाठी मदत कोणत्या निकषावर वाटावी याचे ते १९६९ चे सूत्र. परीक्षेत त्यावर टीप येते. परंतु त्यांच्या आयुष्यातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्यावर टीप येत नाही. केंब्रिजला असताना लिहिलेला त्यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. असा विद्वान मनुष्य पुढे ग्रंथालयात बसून आणखी दहा ग्रंथ लिहू शकला असता. १९३० साली साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेने पहिल्या काही वर्षांत काय केले पाहा. १९३३ साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. १९३५ साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची. १९३६ साली दख्खनमधील शहरी हस्तव्यवसायांचा अभ्यास. १९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी. म्हणजे फळ कोठून येते, कोणाच्या हातून जाते, मोटारवाल्याला काय सुटते, कोष्ट्याचे घर कसे चालते, कुणब्याला बिघ्यामागे काय पडते. सगळे प्रश्न अगदी सामान्य. आपल्या आजीला विचारले तरी तिने हेच प्रश्न काढले असते. फरक एवढाच की संस्थेच्या माणसांनी ते दारोदार जाऊन विचारले आणि उत्तरे आकड्यांत मांडली.

आता नगर जिल्ह्याकडे वळू. (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे.) गोदावरीचे कालवे आधीच झालेले होते, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेच्या कालव्यांनाही भरवशाचे पाणी मिळू लागले. पाण्याबरोबर ऊस आला. पण ऊस आला म्हणून शेतकरी श्रीमंत झाला, असे नव्हे. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ साली सरकारने साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिल्यावर खाजगी कंपन्यांचे कारखाने वाढले. पण त्यांतील पुष्कळ ऊस कंपन्या स्वतःच पिकवीत, आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेत. शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरल्या. गुऱ्हाळ चालवून गुळात बुडावे, नाही तर जमीन कंपनीला देऊन आपल्याच बांधावर मजुरीला उभे राहावे.

गोखले संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली. कालव्याच्या पाण्याने प्रत्यक्ष फायदा किती, अप्रत्यक्ष किती, हा तिचा विषय. अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद गाडगिळांकडे आले. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. तो उचलून धरणारे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे चार इयत्तांच्या पलीकडे शाळेत गेलेले नव्हते. पण १९२३ सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढून दाखविलेली होती. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी कारखान्याची चाचणी झाली. पहिले अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. गाडगीळ त्या खुर्चीवर जवळजवळ दशकभर राहिले.

(आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असे आपण अभिमानाने म्हणतो. आंध्रात त्याआधीही असा प्रयत्न झालेला होता, म्हणून मी 'महाराष्ट्रातील पहिला' एवढेच म्हणतो. त्याने काही कमी होत नाही.)

या जोडीचा विचार करताना मला एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. कारखान्याला परवाना हवा होता, परदेशी यंत्रे हवी होती, सरकारचे भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज हवे होते. कर्ज देणारे साहेब लोणीच्या शेतकऱ्याच्या शब्दावर एवढी रक्कम देते ना. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहतांसारखे सहकाराचे कैवारी अर्थमंत्री होते हे खरे. पण त्यांच्यापुढेही हिशेब मांडणारा कोणी हवा होता. तेथे गाडगिळांचा शब्द चालला, कारण त्या शब्दामागे वीस वर्षांच्या पाहण्या होत्या. उलट भाग विकावयाला गावोगाव हिंडताना पुण्याच्या प्राध्यापकाचा शब्द कोणी मानला असता? तेथे विखे पाटलांचा शब्द चालला. एका माणसावर तिजोरीचा विश्वास, दुसऱ्यावर ओट्यावर बसलेल्यांचा. १९४८ च्या जाळपोळीच्या जखमा पश्चिम महाराष्ट्रात ताज्या असतानाच्या काळात या दोन माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकला, हेही विसरू नये. त्या दोघांत एखादा सामंजस्य करार झालेला असल्यास माझ्या वाचनात आलेला नाही.

पुढे हे जाळे पसरत गेले. १९६८ साली त्याच जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आले. १९७५ साली सहकारी कारखान्यांनीच वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने पुण्याजवळ मांजरीला ऊस व साखरेच्या संशोधनाची संस्था उभी केली; आज ती वसंतदादांच्याच नावाने चालते. मुंबईतही असे घडलेले आहे. गिरण्यांना रंगकामातील जाणकार हवे होते, त्या गरजेतून १९३३ साली मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. परदेशातले उदाहरण द्यावयाचे तर स्पेनमधील बास्क प्रांतात मोंद्रागोन नावाच्या गावी एका पाद्र्याने १९४३ साली साधी तंत्रशाळा काढली, तिच्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ साली कामगारांच्या मालकीचा कारखाना काढला, आणि त्यातून निघालेल्या सहकारी संस्थांनी १९९७ साली स्वतःचे विद्यापीठ स्थापन केले. ठिकाणे वेगळी, माणसे वेगळी. पण एक गोष्ट सगळीकडे दिसते. प्रश्न त्या प्रदेशाचा होता, आणि शिकविणारा मनुष्य तो प्रश्न सुटेपर्यंत तेथून हलला नाही.

येथे मला आमच्या अध्यापकांविषयी बोलणे भाग आहे. गाडगीळ गोखले संस्थेचे संचालक १९३० पासून १९६६ पर्यंत होते. छत्तीस वर्षे. आमच्या महाविद्यालयांतून अनेक जागा रिक्त आहेत आणि शिकविणाऱ्यांपैकी कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. तासाप्रमाणे पैसे, सुटीत काही नाही, पुढील वर्षी नेमणूक होईलच असे नाही. सकाळी एका तालुक्यात तास आणि दुपारी एस.टी.ने दुसऱ्या तालुक्यात. अशा शिक्षकाने 'प्रादेशिक विकासाचे जाळे' विणावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? त्यांच्यात हुशारी नाही असे कोणी म्हणू नये. मला सांख्यिकी समजली ती अशाच एका सरांमुळे. ते या वर्षी नाहीत. एखादा प्रश्न दहा वर्षे जपावयाचा तर दहा वर्षे त्या गावात राहणारा शिक्षक लागतो, आणि त्याची सोय चौकटीतल्या कागदाने होत नाही. उद्योगांशी करार किती झाले हे मोजणाऱ्यांनी, ते करार चालविणारी माणसे पगारावर किती आहेत, तेही एकदा मोजावे.

परंतु प्रवरेची गोष्ट केवळ गौरवाने सांगून थांबलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. आमच्या तालुक्यातूनही कालवा जातो. त्या कालव्यावर काय झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. साखरेच्या खुर्चीतून राजकारणाची खुर्ची झाली. कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि काही विकले गेले. अलीकडच्या हंगामांत राज्यात गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खाजगी आहेत. थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो, आणि कालव्याच्या वरच्या अंगाचा कोरडवाहू शेतकरी ते पाहत राहतो. आणि ज्याचे नाव या जाळ्याच्या कोणत्याही गाठीत आले नाही, तो ऊसतोड कामगार.

दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या रस्त्याला आणि उसाच्या फडाजवळ खोपी पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको पहाटेपासून ऊस तोडतात. त्या दोघांना मिळून एक 'कोयता' म्हणतात. हिशेबाच्या वहीत कोयता एक. बाई त्या वहीत दिसतच नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, शासनाने समिती नेमली, तेव्हा ती वर्तमानपत्रांतून दिसली. प्राध्यापक, शेतकरी, बँक आणि सरकार यांना जोडणारे एवढे मोठे जाळे महाराष्ट्राने विणले. पण त्यात या दोन माणसांची एक अशी मोजणी इतकी वर्षे चालू राहिली. फळबाजारातले व्यवहार मोजणाऱ्यांच्या परंपरेला हे शोभत नाही. यात गाडगीळांचा दोष किती आणि आमचा किती, याचा निवाडा करण्याइतके माझे वाचन नाही. पण गाडगीळ १९७१ साली वारले. त्यानंतरची सारी वर्षे तर आमचीच आहेत.

माझ्या वर्गातील एक मित्र दिवाळीनंतर दिसेनासा होतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रिकाम्या चौकटी असतात. आईवडिलांच्या जोडीला तो फडावर जातो, मोळ्या बांधतो, रात्री-अपरात्री गाडी भरतो. गव्हाणीपाशी रांगेत किती तास जातात, वजनकाट्यावर काय होते, उचल फिटता फिटता नवी कशी चढते, हे तो जितके जाणतो तितके आमच्यापैकी कोणी जाणत नाही. ग्रामीण श्रमबाजार या प्रकरणावर त्याने वर्गात तासभर बोलावे अशी त्याची तयारी आहे. परंतु या साऱ्या कामाचे त्याला श्रेयांक नाहीत. मुकादमाचा शिक्का प्रमाणपत्रावर चालत नाही. मी तीन दिवस बिले लावली आणि मला साठ तासांचे गुण मिळाले. त्याने पाच महिने काम केले आणि त्याची उपस्थिती कमी भरली. उद्योग आणि शिक्षण यांची सांगड म्हणतात ती हीच का, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

तेव्हा कला महाविद्यालयाने काय घेऊन जावे, या प्रश्नाचे माझे उत्तर साधे आहे. प्रश्नावली घेऊन जावे. अर्थशास्त्राने खोपीखोपीतून उचलीचा आणि मजुरीचा हिशेब लिहून आणावा. भूगोलाने टोळी कोणत्या गावाहून निघते आणि कोणत्या वाटेने येते याचा नकाशा करावा. मराठी विभागाने मुकादमाचा करार, जो बहुधा तोंडीच असतो, कामगारांना समजेल अशा भाषेत कागदावर आणून दाखवावा. फडावरची शब्दसंपत्तीही गोळा करावी, ती कोशांत फारशी सापडत नाही. हे काम झाल्यावर ते नॅकच्या फाइलीत लावून ठेवण्याआधी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला, ग्रामसभेला आणि खुद्द टोळीला वाचून दाखवावे. कारखाना ऐकेल का? कदाचित नाही ऐकणार. पण कोणत्या गटात तोड किती दिवस लांबते, त्याने वजनात काय तूट येते, बायका आजारी पडल्याने किती खाडे होतात, हे आकडे कारखान्यालाही हवेच असतात. त्याच्या उपयोगाची दोन पाने आपण दिली तर तिसरे पान, जे त्याला नको आहे, तेही तो उलटून पाहील. एका बाजूचा विश्वास दुसरीकडे वापरण्याची युक्ती प्रवरेच्या काठी एकदा चाललेली आहे.

यावर कोणी म्हणेल की हे काम साठ तासांत होणारे नाही. बरोबर आहे. एका वर्षाच्या मुलांनी अर्धे करावे, पुढच्यांनी पुढे न्यावे, आणि वह्या ग्रंथालयात राहाव्यात. आजवर फील्ड प्रोजेक्टचे अहवाल परीक्षा संपल्यावर कोठे जातात, ते मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पाहिलेले आहे. तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही.

कारखान्याचा पट्टा पडला की माझा मित्र परत येईल. प्रश्नावली त्याच्याबरोबर बसूनच करावयाची, असे मी आणि वर्गातील तिघांनी ठरविले आहे. पहिला मसुदा पाहण्याचे विभागातील सरांनी कबूल केले आहे. अट एकच, की 'कोयता' हा शब्द एकेरी रकान्यात लिहावयाचा नाही, नवरा आणि बायको यांचे दोन वेगळे रकाने पाडावयाचे. आणखी कोणाला यावयाचे असेल तर शनिवारी दुपारी आम्ही ग्रंथालयात असतो.